रुग्णालयाची उष्णता तेलावरून लाकडावर नेताना एकच मोठा बॉयलर बसवावा का?

देखभाल_प्रमुख (प्रश्न)

नमस्कार. साठ खाटांच्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या तांत्रिक देखभालीची जबाबदारी माझ्याकडे आहे. आमच्याकडे हिवाळा लांब आणि कडक असतो, गॅसची वाहिनी इथपर्यंत आलेली नाही, आणि गेली वीसहून अधिक वर्षे सगळी इमारत हीटिंग ऑइलवर गरम होते. प्रत्येकी ४५० किलोवॉटचे गरम पाण्याचे दोन बॉयलर आहेत. त्यांपैकी एक चालतो आणि दुसरा राखीव असतो. या दोघांना मिळून वर्षाला सुमारे १,२०,००० लिटर तेल लागते. याशिवाय वाफेचा एक जुना बॉयलर आहे, ज्यावर निर्जंतुकीकरण विभाग आणि धुलाईगृह चालते. परिसरात जंगल भरपूर असल्यामुळे आणि लाकूड कापणीतला बराचसा उरलेला माल वाया जात असल्यामुळे विश्वस्त मंडळाने लाकडी इंधनाकडे वळण्याचा निर्णय तत्त्वतः घेतला आहे.

सल्लागाराने दिलेला प्रस्ताव असा आहे की तिन्ही तेलाचे बॉयलर काढून टाकावेत आणि त्यांच्या जागी लाकडी चिप्सवर (लाकडाच्या छोट्या तुकड्यांवर) चालणारा ९०० किलोवॉटचा एकच वाफेचा बॉयलर बसवावा. त्याच वाफेतून खोल्या गरम होतील, नळाला गरम पाणी मिळेल आणि निर्जंतुकीकरणही होईल. कागदावर हे सोपे दिसते, पण रात्री दोन वाजता हा एकमेव बॉयलर बंद पडला तर काय, हा विचार मला झोपू देत नाही. आकारमान बरोबर आहे का, चिप्स घ्याव्यात की पेलेट (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्या), आणि जुने बॉयलर ठेवावेत की भंगारात द्यावेत, याबद्दल ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांचे मत हवे आहे.

उष्णता_अभियंता

आपली झोप उडाली आहे ती योग्य कारणासाठी उडाली आहे. मी हा प्रस्ताव आहे तसा स्वीकारणार नाही. आधी आपलेच आकडे मांडून पाहू.

एक लिटर हीटिंग ऑइलमध्ये साधारण १० किलोवॉट तास ऊर्जा असते, म्हणजे आपण वर्षाला सुमारे १,२०० मेगावॉट तास विकत घेता. जुन्या बॉयलरची वर्षभराची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर इमारतीपर्यंत ९६० मेगावॉट तास पोहोचतात. वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीची गरज यावरून ४५० किलोवॉटच्या आसपास निघते आणि तुमचा एकच बॉयलर इतकी वर्षे पुरला आहे, हा त्याचा आणखी एक पुरावा आहे. मग ९०० हा आकडा आला कुठून? बहुधा चालू आणि राखीव बॉयलरच्या पाट्यांवरची क्षमता मिळवून. हे मी अनेक प्रस्तावांत पाहिले आहे.

तेलाच्या बाबतीत मोठा बॉयलर खपून जातो, कारण बर्नर क्षणात पेटतो आणि क्षणात विझतो. लाकडाचे तसे नाही. जाळीवर निखाऱ्यांचा थर असतो, तो हवा बंद केली तरी धुमसत राहतो, आणि बहुतेक लाकडी बॉयलर त्यांच्या क्षमतेच्या सुमारे ३० टक्क्यांखाली नीट जळत नाहीत. ज्वलनकक्ष थंड पडतो, धूर वाढतो, डांबर चिकटते, आणि धुरातली वाफ थंड पृष्ठभागावर साचून पत्रा गंजू लागतो. उन्हाळ्यात तुम्हाला फक्त नळाच्या गरम पाण्यापुरते, समजा ५० ते ६० किलोवॉट लागत असतील, तर ९०० किलोवॉटचा बॉयलर तेव्हा काय करणार? तो दिवसभर धूर करत बसेल, आणि तोही रुग्णालयाच्या अंगणात.

उलट बाजूने पाहा. सर्वांत थंड रात्री वर्षात मोजक्याच असतात. म्हणून शिखर गरजेच्या ५० ते ६० टक्के क्षमतेचा लाकडी बॉयलर बसवला, तरी वर्षभराच्या उष्णतेपैकी साधारण ८० ते ९० टक्के उष्णता तो देऊ शकतो. उरलेले थोडे काम जुना तेलाचा बॉयलर करेल. तुमच्या जागी मी प्रत्येकी १२५ ते १३० किलोवॉटचे दोन बॉयलर घेईन. वसंत आणि शरद ऋतूत एकच चालेल, कडक थंडीत दोन्ही चालतील, आणि एकाची साफसफाई चालू असताना दुसरा उभा असेल. या आकाराचे बॉयलर ५०० किलोवॉटपर्यंतच्या बॉयलरसाठी असलेल्या ईएन ३०३-५ या युरोपीय मानकात बसतात, त्यामुळे चाचणी झालेली तयार यंत्रे मिळतात आणि सुटे भागही सहज सापडतात.

त्यांच्यासोबत गरम पाण्याची बफर टाकी हवीच. दर किलोवॉटला २० ते ३० लिटर हा नेहमीचा अंदाज आहे, म्हणजे तुमच्यासाठी ५,००० ते ७,५०० लिटर. साडेसात हजार लिटर पाण्याच्या तापमानात ३० अंशांचा फरक वापरता आला, तर तिथे सुमारे २६० किलोवॉट तास साठतात. सकाळी स्नानगृहांची मागणी एकदम उसळते तेव्हा हीच टाकी ती झेलते, आणि उन्हाळ्यात छोटा बॉयलर दिवसातून एकदाच जोरात पेटवून टाकी भरून विझवता येतो. बॉयलरमध्ये परतणारे पाणी ५५ ते ६० अंशांच्या खाली जाऊ नये, यासाठी मिश्रण झडप बसवून घ्या. या एका झडपेवाचून तीन हिवाळ्यांत सडलेला बॉयलर मी स्वतः उघडून पाहिला आहे.

आता वाफ. वाफेची गरज फक्त दोन विभागांना आहे, आणि त्यासाठी सगळी इमारत वाफेवर चालवणे मला पटत नाही. निर्जंतुकीकरणाला १३४ अंशांची संपृक्त वाफ लागते, म्हणजे सुमारे ३ बार निरपेक्ष दाब. खोल्या मात्र ७० ते ८० अंशांच्या पाण्यावर उत्तम गरम होतात. निर्जंतुकीकरण विभागात छोटे विजेचे वाफजनित्र बसवा आणि धुलाईगृहातली यंत्रे गरम पाण्यावर किंवा विजेवर न्या. मग वाफेच्या लांब नळ्यांतून गळणारी उष्णताही वाचेल आणि लाकडाच्या चढउताराचा शस्त्रक्रियागृहाशी काही संबंध राहणार नाही.

राखीव व्यवस्थेबद्दल माझे मत ठाम आहे. तेलाचा निदान एक बॉयलर ठेवा, तो संपूर्ण ४५० किलोवॉट देऊ शकतो याची दर महिन्याला चाचणी घ्या, आणि त्याची टाकी काही दिवस पुरेल इतकी भरलेली ठेवा. वीज गेली की तेलाचा बर्नर विझतो आणि विषय संपतो. लाकडी बॉयलरमधले निखारे मात्र उष्णता देतच राहतात, म्हणून पंप, पंखे आणि नियंत्रण फलक हे सगळे जनित्रावर हवेत आणि विजेवाचून चालणारी थंड पाण्याची सुरक्षा झडपही हवी.

चिप्स_पुरवठादार

वरचे गणित मला मान्य आहे. मी इंधनाच्या बाजूने लिहितो, कारण बहुतेक प्रकल्पांत बॉयलर चांगला असतो आणि घोटाळा इंधनात होतो.

लाकूड विकत घेताना आपण पाणीही विकत घेत असतो, ही गोष्ट मंडळाला आधी समजावून सांगा. ताज्या कापलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मे पाणी असते. अशा ५० टक्के ओलाव्याच्या चिप्समध्ये किलोला सुमारे २.२ किलोवॉट तास मिळतात, ३० टक्के ओलाव्यावर ३.४ मिळतात, आणि १० टक्क्यांखालच्या पेलेटमध्ये ४.८ च्या आसपास. म्हणजे तीच गाडी, तेच वजन, पण उष्णता दीडपटीने बदलते. ओंडके कापून एक उन्हाळा वारा लागेल असे रचून ठेवले आणि मग त्यांच्या चिप्स केल्या, तर ३० टक्के गाठणे अवघड नाही. उलट ओल्याच लाकडाच्या चिप्स करून ढीग घातला, तर तो सुकत नाही, कुजतो.

वर सुचवलेल्या जोडीने ९६० पैकी ८१५ मेगावॉट तास द्यायचे म्हटले आणि कार्यक्षमता ८२ टक्के धरली, तर सुमारे १,००० मेगावॉट तासांचे इंधन लागेल. ३० टक्के ओलाव्याच्या चिप्स घेतल्या तर ते वर्षाला २९० टन भरते. चिप्सचा एक घनमीटर साधारण २५० किलोचा असतो, तेव्हा हे जवळपास १,१७० घनमीटर झाले, म्हणजे ४० घनमीटरच्या सुमारे ३० गाड्या. दोन्ही बॉयलर पूर्ण जोरात चालतात त्या दिवसांत रोज साडेआठ ते नऊ घनमीटर संपतात. सात दिवसांचा साठा धरा, त्यात पूर्ण गाडी रिकामी करता येईल इतकी मोकळी जागा मिळवा, आणि कोठार १०० घनमीटरच्या आसपास ठेवा. बर्फात रस्ता बंद झाला तर किती दिवस बंद राहतो, हे तुम्हालाच ठाऊक आहे. तो आकडा सातहून जास्त असेल तर कोठारही त्याप्रमाणे वाढवा.

पेलेट घेतल्यास तेवढ्याच उष्णतेला २१० टन पुरतात, आणि एका घनमीटरमध्ये सुमारे ६५० किलो मावत असल्यामुळे जागा चिप्सच्या एक तृतीयांशाहूनही कमी लागते. यंत्रणा सुटसुटीत असते आणि राखही कमी पडते. पण इंधन महाग पडते, दूरच्या कारखान्यातून येते आणि तुमच्या परिसरातले वाया जाणारे लाकूड वायाच जाते. तुमच्याकडे जागा आणि जंगल दोन्ही आहे, म्हणून मी चिप्सच निवडेन. जागा अरुंद असती तर उलट सल्ला दिला असता.

करारात आयएसओ १७२२५ या घन जैवइंधनांच्या मानक मालिकेचा उल्लेख करा. तिचा दुसरा भाग पेलेटसाठी आहे आणि चौथा चिप्ससाठी. आकाराचा वर्ग पी ३१, म्हणजे बहुतेक तुकडे सुमारे ३१ मिलिमीटरपर्यंतचे, आणि ओलावा एम ३०, म्हणजे ३० टक्क्यांपर्यंत, असे स्पष्ट लिहा. लांब काटक्या इंधन बॉयलरकडे ढकलणाऱ्या स्क्रूमध्ये आडव्या अडकतात, आणि मध्यरात्री कोठारात उतरून त्या उपसण्याची वेळ ज्याच्यावर येते तो आकाराचा वर्ग पुन्हा कधी विसरत नाही. साल आणि माती जास्त असेल तर राख वाढते. स्वच्छ खोडाच्या लाकडात अर्धा टक्का राख असते, सालीत ती त्याच्या कित्येक पट असते, आणि मातीतली वाळू वितळून जाळीवर काचेसारखे कडक ढेकूळ, म्हणजे क्लिंकर, बनते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पैसे वजनावर देऊ नका. बॉयलरनंतर उष्णता मापक बसवा आणि इमारतीत गेलेल्या प्रत्येक मेगावॉट तासाचे पैसे द्या. ऑस्ट्रियात शेतकऱ्यांचे गट याच पद्धतीने गावांना आणि संस्थांना उष्णता विकतात. बॉयलर त्यांचा, इंधन त्यांचे, ग्राहक फक्त उष्णता घेतो. मी पुरवठादार असूनही हेच सांगतो, कारण असा करार झाला की लाकूड सुकवण्याची काळजी आपोआप माझी होते.

संसर्ग_नियंत्रण_परिचारिका

मी तांत्रिक क्षेत्रातली नाही, पण एका रुग्णालयात चिप्सचे कोठार बांधले गेले तेव्हा त्या समितीवर होते. वरच्या दोन्ही उत्तरांत ज्याचा उल्लेख आलेला नाही ते लिहिते.

ओल्या चिप्सच्या ढिगात जिवाणू आणि बुरशी वाढते, आणि ढीग आतून तापून ६० अंशांपर्यंत जाऊ शकतो. त्या उबेत वाढणाऱ्या बुरशींपैकी एक अॅस्परजिलस फ्युमिगेटस आहे. निरोगी माणसाला तिच्या बीजाणूंचा सहसा त्रास होत नाही, पण केमोथेरपी घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे रुग्ण यांच्या फुप्फुसांत ती प्राणघातक संसर्ग करू शकते. गाडी रिकामी होताना उडणारी धूळ म्हणजे याच बीजाणूंचा ढग असतो. आमच्याकडे पहिल्या नकाशात कोठार वायुवीजनाच्या हवा आत घेणाऱ्या जाळीपासून काही पावलांवर होते. जागा सोयीची होती, रस्ता जवळ होता, आणि कोणाच्या लक्षातही आले नव्हते. ते हलवायला लावले म्हणून बरीच नाराजी ओढवून घेतली, पण त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. वारा इमारतीकडून कोठाराकडे वाहील अशा बाजूला कोठार ठेवा, शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभाग यांच्या हवेच्या जाळ्यांपासून दूर ठेवा, गाडी बंद दाराआड रिकामी करा, आणि कोठारात काम करणाऱ्या प्रत्येकाला योग्य मास्क द्या.

पेलेट निवडले तर धोका वेगळा असतो. साठवलेल्या पेलेटमधील मेदाम्लांचे हळूहळू ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला वास नसतो आणि रंगही नसतो. २००६ साली स्वीडनमधल्या हेलसिंगबोर्ग बंदरात पेलेट उतरवताना जहाजाच्या जिन्यात याच वायूने एकाचा मृत्यू झाला. घरगुती आणि संस्थांच्या कोठारांतही असे मृत्यू झाले आहेत. कोठाराला बाहेर उघडणारे वायुवीजन हवे, आत जाण्यापूर्वी वायुमापक हवा, आणि एकट्याने कधीही आत जायचे नाही हा नियम दारावर लिहिलेला हवा. मदतीला धावणारा दुसरा माणूसही त्याच वायूत कोसळतो, हे कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

तिसरा मुद्दा नळाच्या पाण्याचा. इंधन वाचवण्याच्या भरात बफर टाकीचे तापमान उतरवण्याचा मोह होतो. लेजिओनेला हे जिवाणू कोमट पाण्यात, ढोबळमानाने २० ते ४५ अंशांत, वाढतात. म्हणून वापराचे गरम पाणी ६० अंशांवर साठले पाहिजे आणि दूरच्या नळापर्यंत जाताना ते ५० ते ५५ च्या खाली उतरता कामा नये. बॉयलरचे पाणी आणि नळाचे पाणी वेगळे ठेवा, मध्ये उष्णता विनिमयक घाला, आणि शेवटच्या वॉर्डातले तापमान दर आठवड्याला मोजून नोंदवा. लाकडी बॉयलरची जोडणी चालू असण्याच्या आठवड्यांत पाणी नळ्यांत साचून राहते, तेव्हा ही नोंद विशेष काळजीने ठेवा.

धुराबद्दल अभियंत्यांनी अधिक सांगावे. माझा आग्रह एवढाच आहे की चक्री धूळ-विभाजक जाड कण पकडतो, फुप्फुसात खोल जाणारे सूक्ष्म कण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी, म्हणजे याच सूक्ष्म कणांसाठी, वार्षिक सरासरीची मर्यादा ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर इतकी खाली आणली. दम्याचे रुग्ण बरे करणाऱ्या संस्थेने विद्युतस्थितिक गाळणी किंवा कापडी गाळणी बसवली पाहिजे, असे माझे प्रांजळ मत आहे.

देखभाल_प्रमुख

तिघांचाही मनापासून आभारी आहे. कोठाराची जागा आम्ही खरोखरच हवा आत घेणाऱ्या जाळीच्या खाली आखली होती, ती आजच नकाशावरून खोडली.

मंडळाकडून आणखी दोन गोष्टी आल्या आहेत. एक म्हणजे बॉयलर घेतोच आहोत तर माल ठेवण्याची जुनी लाकडी पॅलेट, रंगवलेले फर्निचर आणि जमल्यास रुग्णालयाचा कचराही त्यात जाळावा, अशी सूचना आहे. दुसरी म्हणजे बातमीत आम्ही कार्बनमुक्त होत आहोत असे लिहायचे आहे. या दोन्हींबद्दल मला अवघडल्यासारखे वाटते, पण नेमके कारण मांडता येत नाही.

वन_व्यवस्थापक

पहिल्या सूचनेला स्पष्ट नकार द्या. रुग्णालयाच्या कचऱ्यात क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक असते, आणि ते साध्या बॉयलरमध्ये जाळले तर डायॉक्सिन ही अतिविषारी संयुगे तयार होतात. अशा कचऱ्यासाठी अतिउच्च तापमान, धूर तिथे ठरावीक वेळ टिकवून ठेवणारा दुय्यम कक्ष आणि धुराची वेगळी शुद्धी लागते. ती वेगळीच यंत्रणा असते आणि तिचा परवानाही वेगळा असतो. रंगवलेल्या किंवा रसायन भरलेल्या लाकडात शिसे, तांबे, क्रोमियम किंवा आर्सेनिक असू शकते. ते काही अंशी धुरात जाते आणि उरलेले राखेत साठते. तुमच्या २९० टन स्वच्छ चिप्समधून वर्षाला दोन-तीन टन राख निघेल, आणि ती स्वच्छ असेल तर नियमांत बसवून जमिनीला परत देता येईल. एका फर्निचरच्या ढिगाने ती सगळी राख विषारी कचरा ठरू शकते.

दुसऱ्या बाबतीत तुमचे अवघडलेपण योग्य आहे. धुराड्याच्या तोंडाशी मोजले तर लाकूड एका गिगाज्यूल ऊर्जेमागे सुमारे ११२ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते, तेल सुमारे ७४ किलो आणि नैसर्गिक वायू ५६ किलो. म्हणजे जळताना लाकूड तेलापेक्षा जास्तच सोडते. फायदा होतो तो जंगलात, आणि तोही काय जाळले यावर अवलंबून असतो. फांद्या, विरळणीतली बारीक झाडे आणि करवतीच्या गिरणीतले तुकडे तसेही काही वर्षांत कुजून तोच कार्बन सोडणार होते, म्हणून ते जाळले तर हिशेब लवकर जुळतो. त्यासाठी उभे मोठे झाड पाडले तर ते पुन्हा वाढेपर्यंत अनेक दशके जातात. सगळ्या फांद्याही उचलू नका, कारण जमिनीला लागणारी पोषकद्रव्ये बारीक फांद्यांत आणि पानांत जास्त असतात. बातमीत 'कार्बनमुक्त' न लिहिता, जंगलकामातले उरलेले लाकूड वापरून आम्ही वर्षाला अमुक लिटर तेल वाचवतो, असे लिहा. ते खरे असेल आणि मोजून दाखवता येईल.

उष्णता_अभियंता

एक गोष्ट राहिली होती, आणि कदाचित तिच्यापासूनच सुरुवात करायला हवी. निविदा काढण्यापूर्वी एक संपूर्ण हिवाळा उष्णता मापक लावून दर तासाची मागणी नोंदवा. माझे ४५० आणि ५५ किलोवॉटचे आकडे तुमच्या तेलाच्या बिलावरून काढलेले अंदाज आहेत. त्याच हिवाळ्यात छताला उष्णतारोधक थर द्या आणि खिडक्यांच्या फटी बुजवा, कारण मागणी आधी उतरली तर बॉयलर, कोठार, बफर टाकी आणि गाड्यांची संख्या हे सगळेच लहान होते.

आणि माणूस ठरवा. कितीही स्वयंचलित म्हटले तरी राख काढणे, धूरनळ्या घासणे, आलेल्या गाडीतला ओलावा तपासणे यांसाठी आठवड्याला काही तास कोणाला तरी द्यावेच लागतात. ते काम एका ठरलेल्या व्यक्तीचे असावे, आणि रजेच्या दिवसांसाठी दुसरी प्रशिक्षित व्यक्ती असावी. ज्या ठिकाणी हे 'सगळ्यांचे' काम होते, तिथे दुसऱ्या हिवाळ्यात तेलाचाच बॉयलर चालू असलेला मी पाहिला आहे.

देखभाल_प्रमुख

उष्णता मापकाची मागणी आज नोंदवली. या हिवाळ्यात मोजणी आणि छताचे काम, वाफेचा भाग पूर्ण वेगळा, आणि पुढच्या वर्षी दोन छोट्या बॉयलरसाठी निविदा, असा प्रस्ताव मंडळापुढे ठेवत आहे. तेलाचे दोन्ही बॉयलर तूर्त जागेवर राहतील. तासागणिक आकडे हाती आले की इथेच मांडेन. तेव्हा ५५ किलोवॉटच्या उन्हाळी अंदाजाकडे कृपया पुन्हा एकदा पाहावे, कारण आमचे धुलाईगृह गरम पाण्यावर गेले तर तो आकडा वाढेल असे मला वाटते.